छोटीस पत्र : एकपात्री पाहून आल्यावर

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

महाराष्ट्र दिनाला ऑफिसात दहा मिनिटांचं एकपात्री करणार आहेस, हे आईकडून कळलं. मला सांगायचं टाळलंस, आणि का टाळलंस तेही मला ठाऊक आहे. बाबा लगेच लाइटचं काय, माइक कोणता, मागे कापड कोणत्या रंगाचं, असं सुरू करतील. करणारच. पण त्याआधी शनिवारी पाहिलेल्या नाटकाबद्दल लिहितो. तुझ्या कामाला येईल असं त्यात बरंच होतं, आणि फोनवर सांगायला गेलो तर तू ‘हं, हं’ करत दुसरीकडे काहीतरी टाइप करत असतेस.

अजनी चौकातून मेट्रोत बसलो, सीताबर्डीला गाडी बदलली आणि शंकरनगरला उतरलो. आईला अजून सरकत्या जिन्याचा भरवसा वाटत नाही, त्यामुळे सीताबर्डीला लिफ्ट शोधण्यात एक गाडी चुकली. चौकातून आत, गल्लीत, एका संस्थेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर छोटा हॉल आहे. ऐंशीच्या आसपास प्लास्टिकच्या खुर्च्या. रंगमंच म्हणजे गुडघ्याएवढा उंच चौथरा, दोन्ही बाजूंना काळे पडदे सोडून केलेल्या विंगा, मागे काळं कापड. पुढचा पडदा नाहीच. दोन मोठे कूलर भिंतीला लावलेले, आणि तिसऱ्या घंटेला ते बंद होतील अशी सूचना आधीच झाली. कूलरच्या घरघरीत कोणाचं काय ऐकू येणार! नागपुरात एप्रिलमध्ये कूलर बंद करून दीड तास माणसं बसवायची, तर नाटकवाल्याला आपल्या नाटकावर विश्वास पाहिजे.

तुला नाटक म्हटलं की सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृहच आठवेल, बालनाट्याला तिथेच नेत होतो. 2017 मध्ये रेशीमबागेत सुरेश भट सभागृह झालं, तिथे तर दोन हजारांच्या घरात माणूस बसतो. मुंबई-पुण्याची नाटकं येतात ती या मोठ्या ठिकाणी, आणि तीही परवडलं तर. समृद्धी महामार्गानं आलं तरी मुंबईपासून 701 किलोमीटर. सेटचा ट्रक, कलाकारांची बस, लॉज, जेवणखाण. प्रयोगाची घंटा वाजायच्या आधीच निर्मात्याची निम्मी हवा जाते. मग तिकीट चढतं आणि आपल्यासारखा माणूस म्हणतो, जाऊ दे, पुढच्या वेळी बघू.

हे लोक आले होते वर्ध्याच्या बाजूनं, रेल्वेनं. माणसं चारच. नटी, लाइटवाला, संगीत वाजवणारा एक पोरगा, आणि तिकीट फाडण्यापासून पोतं उचलण्यापर्यंत सगळं करणारे एक दादा. सामान म्हणजे लोखंडी पेटी, तागाचं पोतं, पितळी तांब्या-भांडं आणि एक शाल. तिकीट 200 रुपये, माणसं मोजली तर साठेक. म्हणजे बारा हजार. त्यातून हॉलचं भाडं, लाइटचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च. मी हे मनातल्या मनात मांडत बसलो तेव्हा आईनं कोपरानं ढोसलं, तोवर तिसरी घंटा झाली होती.

नाटक कापसाचं. काळ एकाधिकार खरेदीचा. 1972 पासून राज्यात ही योजना होती आणि तेव्हा शेतकऱ्यानं कापूस विकायचा तो सरकारी केंद्रावरच. हंगामात केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची, आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस बैल सोडून माणसं बंडीखाली झोपायची. तुझे आजोबा हिंगणघाटला असेच अडकायचे, आणि घरी आजी वाट पाहत बसायची. या नाटकात उलट आहे. नवरा तापानं पडला आहे म्हणून बायको बंडी घेऊन आली आहे. पौषाची थंडी आहे, रांगेत सगळे पुरुष, आणि ही एकटी. एवढीच गोष्ट. रात्र सरते, सकाळी तिचा नंबर लागतो, ग्रेडर येतो, कापूस पाहतो आणि प्रत खालची लावतो.

आता नीट वाच. ही बाई साधारण चाळिशीची, अंगानं किरकोळ, आवाज थोडा बसलेला. नाटकात तिच्याशी बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. शेजारच्या बंडीवरचा म्हातारा, चहावाला पोरगा, सासू (ही आठवणीत येते), नवरा, ग्रेडर. मला वाटलं होतं, आता ही प्रत्येकाचा आवाज काढणार. म्हाताऱ्याचा खोकला, सासूचा चिरका सूर, आणि लोक हसणार. तिनं एकाचाही आवाज काढला नाही. म्हाताऱ्याचं बोलणं आपल्याला तिच्या उत्तरातून कळत होतं. ती बंडीच्या चाकाकडे तिरकी मान करून पाहायची, थोडी खाली, म्हणजे म्हातारा बसलेला आहे. चहावाल्याकडे पाहताना नजर कमरेच्या उंचीवर, म्हणजे पोरगा दहा-बारा वर्षांचा. दीड तास ती नजर एकदाही चुकली नाही. दुसऱ्यांदा चहावाला आला तेव्हा तिनं तोंड उघडायच्या आत आम्हांला कळलं की तो आला, कारण तिनं खाली तिथेच पाहिलं.

सासूला पाणी देण्याचा प्रसंग सांगतो. तांब्यातून भांड्यात खरंच पाणी ओतलं. मग उकिडवी बसली, भांडं पुढे केलं आणि थांबली. हात थोडा वर चढत गेला, म्हणजे म्हातारी पितेय. मध्ये क्षणभर थांबला, म्हणजे म्हातारीनं दम घेतला. पुन्हा वर. मग भांडं परत घेतलं ते हलक्या हातानं, दोन बोटांत. पाणी तर त्यात तसंच होतं, मी पहिल्या रांगेतून पाहिलं. पण हात रिकाम्या भांड्याचा होता. माझ्या शेजारचे गृहस्थ पुटपुटले, “च्यायला!” मला टाळीपेक्षा ती दाद खरी वाटली.

एकपात्रीत एकटा असतो तो फक्त नट, पात्र एकटं नसतं. समोरचा माणूस उभा करायचा तो प्रेक्षकानं, आणि त्यासाठी नटानं जागा आणि वेळ दोन्ही सोडायला हवेत. तू बोलशील आणि लगेच पुढचं वाक्य घेशील, तर समोरच्याला उत्तर द्यायला सवडच मिळाली नाही. मग तो माणूस तिथे नाहीच, तू हवेत बोलतेयस, आणि लोकांना ते ताबडतोब कळतं. या बाईच्या थांबण्यात उत्तर मावत होतं. मी तर एका ठिकाणी म्हाताऱ्याचं वाक्य मनात म्हणूनही टाकलं, आणि तिचं पुढचं वाक्य त्याला बरोबर जुळलं.

ग्रेडरच्या वेळेस मात्र तिनं युक्ती बदलली. तिथे ती स्वतः ग्रेडर झाली. शाल काढून पोत्यावर टाकली, पाठ ताठ केली, आणि पोत्यातून चिमूटभर कापूस घेतला. खरा कापूस होता. दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ताणला, तुटला, तुटलेला पुंजका पुन्हा जुळवून ताणला. धाग्याची लांबी अशीच पाहतात, मी लहानपणी पाहिलं आहे. मग नखानं सरकीजवळची काडी काढून फुंकरीनं उडवली आणि पेटीवरच्या नसलेल्या वहीत काहीतरी लिहिलं. सगळं तोंडातून अक्षर न काढता. आणि शेवटी शाल उचलून खांद्यावर घेतली, की पुन्हा ती बायको, आणि आता ग्रेडर समोर उभा. त्या एका चिमटीत तिचं वर्ष होतं. (हे वाक्य थोडं नाटकी झालं. राहू दे.)

थंडी वाजणं तर असं केलं की आईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. मी नंतर विचारलं तर म्हणे, पंख्याचा वारा लागून राहिला होता. पंखे बंद होते.

तुझ्या आईचं मत वेगळं आहे, तेही लिहायला हवं. ती साकोलीकडची, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची. दिवाळीनंतर मंडई भरली की रात्रभर नाटक, पहाटेपर्यंत, गाणी, लावणी, खलनायक, विनोदी पात्र, सगळं एका रात्रीत. वडशाच्या कंपन्यांची नाटकं पाहत ती मोठी झाली. दीड तासात दिवे लागले तेव्हा ती म्हणाली, “झालं? आमच्याकडे तर एवढ्यात पोट्टे पहिली झोप काढून उठतात.” वाटेत रसवंतीवर उसाचा रस घेताना पुन्हा म्हणाली, “बाई चांगली आहे हो, पण बाकीचे कुठे गेले? तिला एकटीला काहून राबवून राहिले?” मी हसलो, पण तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. झाडीपट्टीत माणसं गावजेवणाला यावीत तशी नाटकाला येतात, रंगमंचावरही भरपूर माणूस लागतो. पैसे वाचतात म्हणून एकपात्री, असं पुष्कळ ठिकाणी चाललेलं असतं आणि ते दिसतं. नाटकातली बाई एकटी पडलेली नसेल तर ते एकटीनं करायचं कारण काय, हा प्रश्न तूही स्वतःला विचार. तुझ्या विषयात, म्हणजे पुण्यातली घरमालकीण आणि नवीन भाडेकरू मुलगी, ते कारण आहे. मुलगी नव्या शहरात एकटीच असते.

तसं आपल्याकडे एकट्यानं सगळे होण्याची रीत जुनी आहे. नागपुरातल्या महाल भागातल्या देवळात आजी मला कीर्तनाला न्यायची. बुवा उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, आले की उपरणं काखेत मारून सुदामा व्हायचे, तेच उपरणं खांद्यावर टाकून द्वारकेचा राजा. मागे झांज वाजवणारा तोच, पेटीवाला तोच, आणि आम्ही पोरं सुदाम्याचे पोहे कधी येतात याची वाट पाहत. पु. ल. देशपांड्यांनी 1961 मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली. मग औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे सरांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रं एकट्यानं रंगवली, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तिथे आवाज, लकबी, गावरान बोली यांचा धबधबा आहे आणि तो त्या नाटकाला शोभतो, कारण अख्खं वऱ्हाड विमानात बसवायचंय. आणि सुषमा देशपांड्यांचं ‘व्हय मी सावित्रीबाई’ हे 1989 पासूनचं. ते वेगळ्या जातीचं, तिथे सावित्रीबाई थेट आपल्याशीच बोलतात. म्हणजे एकपात्रीत तीन रस्ते झाले: सगळे स्वतः व्हायचं, समोरचा अदृश्य ठेवायचा, किंवा प्रेक्षकालाच समोरचा करायचा. दहा मिनिटांत तिन्ही करू नकोस.

शनिवारच्या नाटकात नेमकं इथेच बिघडलं. शेवटची आठ-दहा मिनिटं ती बाई पुढे आली, पेटीवर उभी राहिली आणि कापसाच्या भावावर, सरकारवर, आपल्या सगळ्यांवर बोलू लागली. सगळं खरं होतं. पण दीड तास ज्या म्हाताऱ्याला, चहावाल्याला आम्ही जपून उभं केलं होतं, ते कुठल्या कुठे गेले, आणि आम्ही सभेला बसलेले लोक झालो. वर मागून बासरी, तीही रेकॉर्डेड, ज्या वाक्यावर रडायचं त्याच वाक्यावर सुरू होणारी. मला त्या पोराला विंगेत जाऊन सांगावंसं वाटलं की बाबा रे, तेवढी ती बंद ठेव. प्रयोग संपल्यावर दादांना मात्र सांगितलं. ते म्हणाले, “काका, गावात हाच भाग आवडतो, लोक उभे राहतात.” असेल. मी गावातल्या प्रयोगाला गेलेलो नाही.

आता लाइट. तू जांभई दिली तरी चालेल.

त्यांच्याकडे चारच पार लाइट होते आणि एक छोटा स्पॉट, सगळे एलईडी, एका बोर्डावर. लाइटवाल्या पोरानं फार काही केलं नाही आणि तेच बरं केलं. रात्रीला निळा भरला नाही, हे मी खास पाहिलं. हौशी नाटकात रात्र म्हणजे निळा, असं ठरलेलंच असतं. यानं एकच पिवळट लाइट खालून, शेकोटीच्या उंचीवरून ठेवला, आणि पहाटेसाठी तो इतक्या हळू बदलत नेला की उजाडल्यावर लक्षात आलं. आमच्या वेळी हे हळू नेणं म्हणजे दिव्य होतं. वीज मंडळात नुकता लागलो होतो, राज्य नाट्य स्पर्धेला आमच्या मंडळाचं नाटक होतं, आणि डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं यंत्र, भाड्यानं आणायला पैसे नव्हते. मग मिठाच्या पाण्याचा डिमर करायचो. मातीचा जाड नळ, खालून बंद केलेला, त्यात पाणी आणि मूठभर मीठ, तळाला एक धातूची पट्टी आणि वरून दोरीनं सोडलेली दुसरी. वरची खाली आणली की दिवा चढतो, वर ओढली की उतरतो. मीठ कमी पडलं तर दिवा लाल राहतो, जास्त पडलं तर पाणी उकळतं. दोन अंकी नाटकात दुसऱ्या अंकाला विंगेत वाफ झालेली असायची. रबरी बूट घालून, एक हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवून काम करायचं, म्हणजे चुकून दोन्ही हात लागायला नकोत. आज कोणी असं करताना दिसलं तर मीच त्याची जोडणी तोडीन. पण दिवा किती हळू उतरला म्हणजे माणसाच्या मनात संध्याकाळ होते, ते माझ्या हाताला त्या दोरीनं शिकवलं.

तुझ्या ऑफिसात ट्यूबलाइट असतील. मग लाइटचा विचारच सोड आणि पूर्ण उजेडात कर. अर्धवट दिवे बंद करून, प्रोजेक्टरचा उजेड तोंडावर घेऊन करू नकोस, तुझे डोळे दिसणार नाहीत आणि तुझं सगळं काम डोळ्यांत आहे.

पाठांतराचं सांगतो, कारण मी प्रॉम्प्टरही होतो. चारजणांच्या नाटकात एकाचं वाक्य सुटलं तर दुसरा सांभाळून घेतो. एकदा आमचा नायक ब्लँक झाला, तर म्हाताऱ्या आईचं काम करणारी मुलगी “तू काय म्हणणार ते मला माहीत आहे” म्हणून त्याचंच भाषण स्वतः म्हणून मोकळी झाली आणि परीक्षकांनी तिला अभिनयाचं प्रमाणपत्र दिलं. तुला असं कोणी नाही. क्यू द्यायलाही कोणी नाही. म्हणून वाक्यं ओळीनं पाठ करू नकोस, जागेनं पाठ कर. दाराशी उभी असताना काय, खुर्चीपाशी आल्यावर काय, पाण्याची बाटली उचलल्यावर काय. शब्द गेला तरी पाय पुढच्या जागी जातात, आणि पाय गेले की शब्द येतो. शनिवारी त्या बाईचं एक वाक्य गेलं होतं. तिनं शाल झटकली, घडी केली, पुन्हा अंगावर घेतली, आणि पुढे गेली. त्या घडीत तिनं वाक्य शोधलं. कोणाला कळलं नाही. मला कळलं, कारण त्याआधी तिनं शाल कधी घडी केली नव्हती.

घरमालकीण कुठे उभी आहे ते आधी ठरव आणि भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला कागद चिकटवून तालीम कर. ती तुझ्यापेक्षा बुटकी असेल तर मजा वाढेल, असं मला वाटतं. तिचा आवाज काढायचा मोह होईल. एकाच वाक्याला काढ, तेही मुलगी मैत्रिणीला फोनवर नक्कल करून दाखवते तिथे. आणि ‘पुणेरी पाटी’चा विनोद काढून टाक, आईनं फोनवर ऐकवलेला मी ऐकला. तो सगळ्यांना येतो.

माइक हातातला मिळाला तर घेऊ नकोस, एक हात गेला. कॉलर माइक असेल तर ओढणी नको, घासते आणि खरखर होते. पंचवीस-तीस माणसं असतील तर माइकशिवायच कर आणि एसी बंद करायला सांग. दहा मिनिटांत कोणी वितळत नाही, आम्ही एप्रिलमध्ये दीड तास बसलो.

संहिता पाठव, पण वहीच्या पानांचे फोटो नको, टाइप करून. आईला घरमालकिणीची वाक्यं वाचायची आहेत. ती म्हणते, हे काम ती तुझ्यापेक्षा बरं करेल, आणि या बाबतीत मी तिच्या बाजूनं आहे.

तुझा,
बाबा